तालीम असो की खरं

सर, तुम्ही लोह्याला उतरायला हवं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना अशी सुरुवात करत नाहीत, हे मलाही कळतं. पण परवा नांदेडला तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला जो तो तुमच्याबद्दल इतकं गोड बोलत होता, की मला माझा राग भाताबरोबर गिळावा लागला. "मुनीर डॉक्टर म्हणजे देवमाणूस," असं एकजण म्हणाले. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, असेल देवमाणूस, पण हट्टी किती! छातीत कळ आली की एसटीतून उतरायचं आणि जवळ जो दवाखाना असेल तो गाठायचा, हे शेंबड्या पोरालाही समजतं. तुम्ही तर जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगितलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! खिडकीशी बसून छाती चोळत तुम्ही लातूरपर्यंत आलात, आणि का आलात ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. तुम्ही बरे होऊन वॉर्डातून बाहेर आलात की कडकडून भांडायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. ते भांडण अजून माझ्याजवळ तसंच आहे.

आपली ओळखसुद्धा एका वादानंच झाली होती. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट, मुरुडहून नुकतीच आलेली, आणि तुम्ही आमचे मेडिसिनचे रजिस्ट्रार. तुमच्या नातवंडांनी कधी हे वाचलं तर त्यांच्यासाठी सांगते. रजिस्ट्रार म्हणजे धड मोठा डॉक्टर नव्हे आणि धड छोटाही नव्हे. शिकणाऱ्यांतलाच, पण शेवटच्या वर्षाचा. मोठे साहेब ओपीडीत नाहीतर घरी, लहान पोरं भेदरलेली, आणि जीपमधून, रिक्षातून जो अत्यवस्थ माणूस दारात येतो त्याच्याजवळ पहिला निर्णय घेणारा हा रजिस्ट्रार. कालपर्यंत दुसऱ्यानं सांगितलेलं करायचं, आजपासून आपण सांगायचं. एप्रन तोच, पुस्तकं तीच, फक्त सही आता आपली.

तर मी वॉर्डात एकटी होते आणि एक आजोबा धापा टाकत होते. मी तुम्हाला फोन लावला आणि सगळा रिपोर्ट वाचायला लागले. सोडियम, पोटॅशियम, एक्स-रे, आजोबांना बिडीचं व्यसन, मुलगा पुण्याला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मुरुडकर, बातम्या नंतर. मी येऊ का नको?"

मी म्हणाले, "सर, तुम्ही कामात असाल तर..."

फोन बंद झाला आणि थोड्या वेळात तुम्ही हातात अर्धी भाकरी घेऊन वॉर्डाच्या दारात उभे. आजोबांचं सगळं नीट लागल्यावर उरलेली भाकरी खाता खाता तुम्ही मला जो नियम घालून दिलात तो मी पुढं शेकडो पोरांना घालून दिला. फोनवर पहिला शब्द 'या'. नाव, रिपोर्ट, माफी, सगळं त्यानंतर. ज्याला 'या' ऐकू आलं त्यानं का, कशाला, हे विचारायचं नाही. आधी निघायचं, चालता चालता विचारायचं. त्या काळी वरच्या माणसाला फोन करणं म्हणजे आपल्याला येत नाही अशी कबुली समजत. साहेब लोक फाडून खायचे. "एवढंही जमत नाही?" हे वाक्य ऐकण्यापेक्षा पोरं घामाघूम होऊन एकटी झगडत बसायची. तुम्ही रजिस्ट्रार झालात आणि आमच्या युनिटमध्ये ते वाक्य बंद झालं. माझ्यातली भीती त्या भाकरीच्या दिवशी निम्मी झाली, सर. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही डोक्यावर बसला असतात.

पुढं मी लातूरला लागले, तुम्ही नांदेडलाच राहिलात, आणि बऱ्याच वर्षांनी तुमची बदली आमच्याकडं झाली. संसार नांदेडला, नोकरी लातूरला. शनिवारी एसटीनं जायचं आणि सोमवारी सकाळी एसटीनंच यायचं. गाडी घ्या म्हटलं तर म्हणायचात, "एसटीत माणसं भेटतात. गाडीत मी एकटाच भेटतो मला."

आल्या आल्या तुम्ही ते नाटक सुरू केलंत. नाटकच म्हणायचे मी त्याला. तुम्ही म्हणायचात, तालीम.

रजिस्ट्रार होऊ घातलेल्या पोरांपैकी कुणाचीतरी कॅज्युअल्टीत पाळी असायची. खरे पेशंट नसतील अशी वेळ हेरून तुम्ही स्ट्रेचरवर आडवे व्हायचात आणि कण्हत आत यायचात. आमचे वॉर्डबॉय मामा आणि आया मावश्या नातेवाईक व्हायच्या. एक मामा गावचा सरपंच व्हायचा आणि "आमचा माणूस मेला तर बघून घेईन" म्हणून टेबल बडवायचा. एक मावशी ऊर बडवायची. एक रेसिडेंट पुण्याहून आलेला भाचा व्हायचा, मोबाइलवर बघून औषधं सुचवायचा. या सगळ्या गलक्यात पोरानं पेशंटकडं पोचायचं. काहीजण सरपंचाशी भांडण्यातच अडकायचे. एका मुलीनं तर भाच्याचं ऐकून सलाइन बदललं. तुम्ही स्ट्रेचरवरून उठून बसायचात आणि म्हणायचात, "मी मेलो. आता चहा पाजा."

दोनच गोष्टी तुम्ही सारख्या घोकून घ्यायचात. पहिली, तालीम असो की खरं, पहिला हात नाडीवर. दुसरी, गर्दीत जो ओरडत नाही तो शोधा. ओरडणाऱ्याकडं भीती असते, माहिती गप्प बसलेल्याकडं असते. आणि तालमीत मदतीसाठी फोन करायचा झाला तर आधी 'तालीम' म्हणायचं आणि मग 'या' म्हणायचं. नुसतं 'या' खोटं वापरायचं नाही, अगदी शिकवतानाही नाही. यावर तुम्ही फार कडक होतात.

मी म्हणायचे, "डॉक्टर बनवायचेत का नट?"

"भूमिकाच की ती, मुरुडकर. शिकलेलं सगळं डोक्यात असतंय. पण उद्यापासनं तू ठरवायचं, असं म्हटलं की पोरांचा आवाज बसतो. तो आवाज पुस्तकात कुठं मिळतो, सांग बरं."

आपलं खरं भांडण मात्र तुमच्या हातांवरून होतं. खरा पेशंट आला की तुम्ही रजिस्ट्रारच्या मागं, भिंतीला टेकून, हात पाठीमागं बांधून उभे राहायचात. मला ते बघवायचं नाही. मी पटकन पुढं होऊन सुई लावून मोकळी व्हायचे. तुम्ही डोळे वटारायचात. "हात मागं, मुरुडकर." मी म्हणायचे, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता. तुम्ही म्हणायचात, "आपण करून दिलं तर ती पोर कधी करणार? पेशंटला धोका असला तर माझे हात तुझ्याआधी सुटतील." आणि सुटायचेही, मी पाहिलंय. तरी मी हार मानली नाही. एकदा चहा घेताना तुम्ही म्हणालात, "तू एक दिवस स्ट्रेचरवर झोप. खालनं बघ. मग भांड." मी म्हणाले, मेले तरी झोपणार नाही. ही तालीम तुम्हाला सुचली कशी, हे मी अनेकदा विचारलं. दरवेळी तुम्ही नवीन थाप मारलीत. एकदा म्हणालात की लहानपणी नाटकात काम मिळालं नाही म्हणून. एकदा म्हणालात, दिवसभर उभं राहून कंबर दुखते, झोपायला निमित्त पाहिजे.

यंदा रजिस्ट्रार व्हायची वेळ वैष्णवीवर आली. निलंग्याची पोर, वडील शेती करतात, घरात आईशी कानडीत बोलते. अभ्यासात पक्की, पण बोलायचं म्हटलं की शब्द तोलूनमापून. तालमीत सरपंचानं टेबलावर हात आपटला आणि ही रडायला लागली. मी तुम्हाला म्हटलं, हिचा आवाज तर वॉर्डाच्या दारापर्यंत पोचत नाही, हिला रजिस्ट्रार कसं करणार? तुम्ही म्हणालात, "रडली खरी, पण रडताना हात कुठं होता बघितलास का? माझ्या नाडीवर." तुम्ही तिची तालीम पुन्हा पुन्हा घेतलीत. आमच्याकडं रजिस्ट्रारचं काम दोन तुकड्यांत सोपवतात. तुमच्या हट्टानं ती पहिल्या तुकडीत गेली.

आणि मग तो सोमवार आला. ती लाल एसटी स्टँडवर गेलीच नाही. भर सकाळी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली आणि थेट कॅज्युअल्टीच्या पोर्चमध्ये थांबली. कंडक्टर ओरडतोय, पिशव्यांसकट सगळे प्रवासी खाली उतरतायत, आणि चौघांनी उचलून तुम्हाला स्ट्रेचरवर ठेवलं. मला हे सगळं नंतर कळलं. आमचे मामा तर हसायलाच लागले. म्हणाले, "आज सरांनी बसच आणली की वो!" सिस्टरही म्हणाली, "पब्लिक पण खरी आणलीय आज." नवीन रेसिडेंट खुशीत उभे, आता वैष्णवी मॅडमची परीक्षा बघायला मिळणार म्हणून. त्यांचा तरी काय दोष? इतक्या वेळा तुम्ही त्याच स्ट्रेचरवर, तसेच कण्हत, त्याच दारातून आला होतात.

वैष्णवीनं कुणाकडं पाहिलं नाही. पहिला हात नाडीवर ठेवला. मग तोच हात तुमच्या कपाळावर नेला आणि म्हणाली, "सरांना घाम आणता येत नाही. ईसीजी लावा."

मी ओपीडीत होते. फोन आला. "मॅडम, या." एवढंच. त्याआधी 'तालीम' नव्हतं. मी समोरच्या पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडं सोपवलं आणि स्टेथोस्कोप टेबलावर टाकून पळत निघाले.

पोचले तेव्हा कॅज्युअल्टीत निम्मा दवाखाना गोळा झाला होता. सर्जरीवाले, भूलतज्ज्ञ, तुमचे जुने विद्यार्थी. सगळे शिकलेले, सगळे मोठे, आणि सगळे एकदम बोलत होते. ही सुई द्या, तिकडं हलवा, ह्यांना फोन करा, त्यांना बोलवा. सर, तुमच्या तालमीतला सरपंच, भाचा आणि मावशी, सगळे आम्हीच झालो होतो. मी गर्दीतून घुसले आणि तुमच्या हाताला सुई लावायला हात पुढं केला.

"मॅडम, हात मागं."

तिचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पोर्चमधल्या प्रवाशांनाही ऐकू गेला असेल. माझे हात आपोआप पाठीमागं गेले. "सगळे मागं व्हा. मी विचारीन त्यानंच बोलायचं," ती म्हणाली, आणि मोठमोठे डॉक्टर भिंतीला लागले.

तुम्ही तिला सांगितलंत, "आत्ताच दुखायला लागलं. चाकूरच्या पुढं." छाती कधीपासून दुखतेय, हा आमचा पहिला प्रश्न. उपचार त्यावर ठरतो. आणि डॉक्टर पेशंट झाला की त्याचं पहिलं उत्तर खोटं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. वैष्णवीनं दारातल्या गर्दीकडं पाहिलं. सगळे प्रवासी काही ना काही सांगत होते. एक म्हातारी मात्र भिंतीशी बसून तुमची बॅग मांडीवर धरून गप्प होती. वैष्णवी तिच्याजवळ जाऊन वाकली. "मावशी, तुम्ही सरांच्या शेजारी होता का? कधीपासनं दुखत होतं?"

"लोह्यापासनं छाती चोळून राहिले होते माय. मी म्हणलं, उतरा, हितं दवाखाना हाय. तर म्हणले, न्हाई मावशी, लातूरला माझी पोरं हायत."

तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं की वेळ किती गेला आहे. वैष्णवी परत तुमच्याकडं आली. तुम्ही ईसीजीचा कागद मागत होतात. ती म्हणाली, "सर, तुम्ही आता पेशंट आहात. गप पडून राहा." आणि तुम्ही पडून राहिलात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिनं ठरवलं, तिनं दिलं. मध्येच तुमच्या हृदयानं ठेका सोडला, तेव्हाही शॉक तिनंच दिला. पहिल्याच शॉकनं तुम्ही परत आलात. मी सगळा वेळ हात मागं धरून उभी होते, सर. माझी नखं माझ्याच तळव्यात रुतली होती.

त्यानंतरचे आयसीयूतले थोडे दिवस आपल्याला मिळाले, ते मी तिच्या खात्यावर लिहिते. ते तिनं दिले. तुम्ही खोल गेलेल्या आवाजात का होईना, पण चेष्टा करायला लागलात. "पोरीनं मला गप केलं बघ. तुझ्या नसीमभाभीला इतक्या वर्षांत जमलं न्हाई." मी विचारलं, मग पास का ती? तुम्ही म्हणालात, "पेशंट कुठं पेपर तपासतो का?" पण डोळे भरून आले होते तुमचे. मग म्हणालात, "दुसऱ्या तुकडीची तालीम राहिली. आता तू झोप." मी म्हटलं, मला कण्हायला येत नाही. "रोज ओपीडीत कण्हतीस की!"

हृदयाचा मोठा भाग गेलेला आहे, हे मला माहीत होतं आणि तुम्हालाही. त्यावर आपण बोललो नाही. लोह्याबद्दलही बोललो नाही. आधी बरे व्हा, मग बघते, असं मी मनात म्हणत राहिले.

ती दुपार आली तेव्हा वैष्णवीच ड्युटीवर होती. जे करता येतं ते सगळं तिनं केलं आणि जिथं थांबायचं तिथं थांबली. मग बाहेर जाऊन भाभींच्या शेजारी बाकावर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि स्वतः सांगितलं. वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही, बसून सांगायची, हेही तुमचंच. दुसऱ्या दिवशी ती निलंग्याला निघून गेली. मला निरोप आला, "मॅडम, मला जमणार नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनाच वाचवता आलं नाही."

मी काय काय नाही केलं, सर! मोठमोठे निरोप पाठवले. तुमच्या ईसीजीचा फोटो पाठवून समजावलं की लोह्यापासून लातूरपर्यंत जे गेलं ते कुणालाच परत आणता आलं नसतं. रागावले. सीट जाईल म्हणून धाक घातला. तिचं उत्तर एकच, "नको मॅडम." वडिलांना फोन केला तर ते बिचारे म्हणाले, "पोरगी बोलंना झालीय वो. तिची माय म्हणती, लई शिकली, बास झालं." इकडं दुसऱ्या तुकडीतली पोरं रोज विचारत होती, मॅडम, आमची तालीम होणार का न्हाई? त्यांच्यावर रजिस्ट्रारचं काम पडायची तारीख जवळ येत होती. तालीम घेणारे तुम्ही गेलात, आणि तुमची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी निलंग्यात दार लावून बसली. तुम्ही नांदेडपासून उभं करत आणलेलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत बसत चाललं होतं.

परवा चाळिसाव्याला सगळे पांगल्यावर मी भाभींजवळ बसले. त्या हसत हसत सांगत होत्या की रविवारी तुम्ही दिवाणावर पडून कण्हायची प्रॅक्टिस करायचात. "मैं बोलती, अजी चुप बैठो, शेजारचे पळत येतील!" मग दिवाणावरची चादर सारखी करायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या दिवशी मी फोन केला होता, बाई. गाडी लोह्यात होती तेव्हा. उचलला न्हाई. माझा फोन ते कधी सोडत नव्हते. उचलला असता तर मला आवाजावरनं कळलं असतं ना. म्हणूनच न्हाई उचलला." ओढणीनं डोळे पुसून म्हणाल्या, "दुसऱ्याला द्यायला कधी मागं न्हाई सरले. पण मागायचं म्हटलं की जीव जायचा त्यांचा. पाणी सुद्धा स्वतः उठून घ्यायचे."

परतीची एसटी मिळाली. मी खिडकीशी बसले आणि तुमचा विचार करत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं की 'या' म्हणायला तुम्हाला सोपं जातं म्हणून तुम्ही आम्हाला शिकवता. ते तसं नव्हतं. तुम्हालाच ते सगळ्यात जड होतं. किती जड असतं हे आतून माहीत होतं, म्हणून तर आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलंत. आम्हाला आलं, तुम्हाला मात्र शेवटपर्यंत आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझा राग तिथं निम्मा उतरला, आणि उरलेला माझ्यावरच आला. कारण मी तरी काय करत होते? वैष्णवीला समजावत होते, रागवत होते, धाक घालत होते. मला तिची गरज आहे, हे मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. मोठ्या माणसानं लहानाला असं म्हणायची आपल्यात पद्धतच नाही.

बस लोह्याला थांबली. चहावाला खिडकीखाली ओरडत होता. मी फोन काढला.

"वैष्णवी, ये."

पलीकडून हळूच, "मॅडम, काय झालं?"

"उद्या तालीम आहे. मी स्ट्रेचरवर झोपणार आहे. घेणारं कुणी नाही, आणि मला ती घेता येत नाही. ये."

मी फोन ठेवला. बस सुटली. ती येईल याचं मला काही खरं वाटत नव्हतं. पण काल सकाळी दवाखान्यात पोचले तर कॅज्युअल्टीच्या पायरीवर पाठीला सॅक लावून ती बसली होती, निलंग्याची पहिली गाडी पकडून आलेली. डोळे सुजलेले, केस नीट बांधलेले. मला बघून उठली आणि म्हणाली, "तुम्ही 'ये' म्हणलात. मग न येऊन कसं चालंल?"

मग मी झोपले, सर. मेले तरी झोपणार नाही म्हटलं होतं, पण तुम्ही माझ्यावर मरायची वेळ आणली नाहीत, स्वतःच गेलात. मामांनी मला ढकलत आत आणलं. माझी भूमिका होती मुरुडच्या बाईची, दम लागलेल्या. मामा सरपंच झाले आणि टेबल बडवायला लागले. सिस्टर माझी लेक होऊन ऊर बडवायला लागली. पाळी ओंकारची होती, चाकूरकडचा पोरगा, उंच, बावरलेला. दारात वैष्णवी भिंतीला टेकून उभी होती. मी मान वळवून बघितलं, तर तिचे हात पाठीमागं बांधलेले.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. खालून सगळं वेगळं दिसतं, सर. वर फिरणारा पंखा, त्याच्या पात्यांवरची धूळ, वाकून बघणारे चेहरे, आणि सगळा आवाज डोक्यावरून कुठंतरी जातोय. त्या गलक्यात माणूस एवढीच वाट बघतो की कुणीतरी एकानं आपल्याला हात लावावा. तुम्ही पुन्हा पुन्हा इथं का झोपायचात ते मला तिथं कळलं. आणि त्या सोमवारी याच स्ट्रेचरवर, हाच पंखा बघत तुम्ही काय वाट बघितली असेल, तेही कळलं. लोह्यापासून तुम्ही तिच्याकडंच येत होतात. तुमची पोरं लातूरला होती. ते चूक होतं, मी अजूनही म्हणते चूक होतं, पण इतका विश्वास आपल्या विद्यार्थ्यावर मी कधी टाकला नव्हता.

मला कण्हायचं होतं. माझी वाक्यं पाठ होती. पण तोंड उघडलं आणि हुंदका आला. मग दुसरा आला. मी आडवी पडून, कानात पाणी जाईपर्यंत रडायला लागले. मामांनी टेबल बडवायचं थांबवलं. सिस्टर ऊर बडवायची विसरली. 

ओंकार गोंधळला. दाराकडं वळून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हे तालमीतलं हाय का खरं?"

वैष्णवीनं हात मागंच ठेवले. म्हणाली, "नाडी बघ."

त्यानं माझं मनगट धरलं. बोटं गार होती, पण बरोबर जागी होती.